नळावरचा वीकली ऑफ

समाजकार्य हा विषय कॉलेजात शिकवतात आणि त्याची परीक्षाही असते, ही बातमी शालिकराम कापगत्यांना वयाच्या एकसष्टाव्या वर्षी, स्वतःच्या स्वयंपाकघरात कळली. बेबीताई कणीक मळत होत्या. मळता मळता म्हणाल्या, "उद्यापासून सकाळचं जेवण तुमचं तुमी वाढून घ्या. मायं कॉलेज हाय."

शालिकरामांना वाटलं, कुठल्या तरी कॉलेजात हळदीकुंकू असेल.

तसं काही नव्हतं. बेबीताईंनी, वय वर्षे चौपन्न, एमएसडब्ल्यूला रीतसर प्रवेश घेतला होता. फॉर्म भरला, फोटो चिकटवले, बी.ए.ची जुनी गुणपत्रिका पेटीतून शोधून काढली, आणि हे सगळं शालिकराम दुपारी झोपलेले असताना. छत्तीस वर्षं पाळ्या करून पोलाद कारखान्याच्या रूळ घडवणाऱ्या रेल मिलमधून पाळीचा प्रमुख, म्हणजे चार्जमन म्हणून निवृत्त झालेल्या माणसाला दुपारची झोप हा हक्क वाटतो. त्या झोपेत घरात काय काय उरकलं जातं, याची त्याला कल्पना नसते. शालिकरामांचा या शिक्षणाला विरोध नव्हता. विरोध करायचा तर आधी कुणीतरी विचारावं लागतं, आणि ते राहूनच गेलं होतं.

विचारलं नाही तरी सांगणारे मात्र असतात. शेजारचे दिवाकरराव त्यातलेच. रायपूरच्या चार पिढ्यांच्या मराठी घराण्यातले, बँकेतून निवृत्त, आणि कोहक्याच्या त्या कॉलनीत शुद्ध मराठी आपल्यामुळेच टिकून आहे अशी त्यांची प्रामाणिक समजूत. कुंपणावर कोपर टेकून ते म्हणाले, "शालिकराम, सेवा ही अंगात असावी लागते. तिची पदवी कसली घ्यायची? उद्या प्रेमळपणाचा डिप्लोमा निघेल." शालिकरामांना हे पटलं. दुसऱ्या दिवशी तेच दिवाकरराव म्हणाले, "पण वहिनी करताहेत तर नीट करू द्या. एक बॅनर आधी छापून घ्या. बॅनरशिवाय झालेलं समाजकार्य मी तरी पाहिलेलं नाही." शालिकरामांना हेही पटलं. दिवाकररावांच्या सल्ल्याचा हाच गुण होता की तो दोन्ही बाजूंनी पटायचा आणि कुठल्याच बाजूनं उपयोगी पडायचा नाही.

कॉलेजातली पुस्तकं एकवेळ ठीक होती. "सामाजिक न्याय" नावाचं एक जाडजूड पुस्तक बेबीताई भाजी निवडताना समोर उघडं ठेवायच्या, त्यामुळे काही पानांना मेथीचा वास लागला होता. खरी भानगड होती ती फील्ड वर्कची. आठवड्यातून दोन दिवस प्रत्येक विद्यार्थ्यानं एका वस्तीत जाऊन काम करायचं. बेबीताईंनी घेतली ती नाल्यापलीकडची वस्ती. त्रेचाळीस घरं आणि एक नळ. नळाला पाणी सकाळी सहा ते सात आणि संध्याकाळी पाच ते सहा. भांडणं मात्र चोवीस तास.

बेबीताईंच्या फील्ड वर्कवर देखरेख करणाऱ्या कीर्ती मॅडम एकदा घरी चहाला आल्या होत्या. वयानं बेबीताईंच्या मुलीएवढ्या, पण बोलणं ठाम. त्यांनी बशी खाली ठेवून नियम सांगितला. "मार्चमध्ये मी वस्तीत येणार. वस्तीतल्या लोकांनी स्वतः एकत्र येऊन एक तरी मागणी लेखी केलेली असली पाहिजे. मागणी त्यांची, अर्ज त्यांचा, सह्या त्यांच्या. विद्यार्थ्यानं अर्ज लिहून दिला की मला कळतं, आणि मी शून्य देते. फील्ड वर्कमध्ये नापास, तर वर्ष गेलं."

शालिकराम मनात म्हणाले, ही बाई चार्जमन व्हायला पाहिजे होती.

बेबीताई वस्तीत जाऊ लागल्या. जायच्या आणि बसायच्या. फुलेश्वरी नावाची एक बाई होती, नळासमोरच तिचं घर. तिच्या ओट्यावर बसून बेबीताई लसूण सोलू लागायच्या, कुणाचं लेकरू मांडीवर घ्यायच्या, ऐकायच्या. बायका नळाबद्दल खूप बोलायच्या, पण एकमेकींविरुद्ध. हिनं तिची पाण्याची गुंडी सरकवली, तिनं हिच्या सासूला शिवी दिली. अर्जाचा विषय निघाला की सगळ्यांचं एकच, "तैं लिख दे दीदी, तैं पढ़े हस. मोर नाम झन लिखबे." तू शिकलेली आहेस, तूच लिही, आणि माझं नाव मात्र घालू नकोस. बेबीताई मान हलवायच्या आणि पुढची लसणाची पाकळी घ्यायच्या.

असे दोन महिने गेले. शालिकरामांना राहवेना. लोखंड बाहेर आलं की रूळ तयार झाला पाहिजे, अशा ठिकाणी आयुष्य गेलेला माणूस तो. "तू दोन मयने झाले तिथं नुसती बसून राहिली," ते म्हणाले. "काम कवा करशील?"

"बसणं हेच काम हाय सध्या."

"अन् त्याहिनं अर्ज केलाच नाही तं?"

बेबीताईंनी पुस्तकातून वर पाहिलं. "तं मी नापास," त्या म्हणाल्या. मग हळू आवाजात म्हणाल्या, "मले पास व्हायचं हाय हो. बाकी सगळं घराचं हाय. एवढी एकच गोष्ट मायी हाय."

हे वाक्य शालिकरामांना लागलं. छत्तीस वर्षांच्या संसारात बेबीताईंनी त्यांच्याकडे काही मागितलं नव्हतं असं नाही. कुकर मागितला होता, गच्चीला पत्रे मागितले होते. पण स्वतःसाठी असं काही त्यांच्या तोंडून पहिल्यांदाच आलं होतं. शालिकरामांनी त्याच क्षणी ठरवलं की बायकोला पास करायचंच. जगातल्या बऱ्याच आपत्तींची सुरुवात अशाच चांगल्या हेतूनं होते.

पहिल्यांदा ते एकटेच नळाच्या कचेरीत गेले. एका अर्जात काम होईल, मग वस्तीवाल्यांच्या नुसत्या सह्या घ्यायच्या, असा त्यांचा हिशेब. खिडकीतल्या बाबूनं त्यांना तीन टेबलं फिरवलं. चौथ्या टेबलावर एक रजिस्टर निघालं. बाबूनं त्या वस्तीच्या नावावर बोट ठेवलं आणि ते बोट आडवं नेत शेवटच्या रकान्यापर्यंत आणलं. रकान्याचं नाव होतं 'जन मांग'. त्याखाली लिहिलं होतं 'निरंक'.

"ये देखिए," बाबू समाधानानं म्हणाला. "वहाँ से आज तक एक शिकायत नहीं आई। पूरे झोन में सबसे संतुष्ट बस्ती है।"

"अरे भाई, वहाँ पानी के लिए रोज मारामारी होती है."

"लिखित में?"

मारामारी लेखी नसते हे शालिकरामांना कबूल करावं लागलं. मग त्यांनी स्वतःचा अर्ज पुढे केला. बाबूनं पत्ता वाचला. "आप तो नाले के इस पार रहते हैं। आपके घर नल है? है ना? तो आपको क्या तकलीफ?" ज्या माणसाला तकलीफ नाही त्याचा अर्ज घेता येत नाही आणि ज्यांना आहे ते अर्ज देत नाहीत, अशा चोख व्यवस्थेपुढे हात टेकून शालिकराम परत आले. चार्जमनला खिडकीतून परत पाठवणं ही साधी गोष्ट नव्हे. त्या दिवशी त्यांनी चहाही नीट घेतला नाही.

फेब्रुवारीत कॉलेजचं शिबीर निघालं. उतईच्या पुढच्या एका गावात पाच दिवस राहायचं. बेबीताईंनी पिशवी भरली, भाज्यांचे डबे फ्रीजमध्ये रचले आणि दारातून सांगितलं, "फुलेश्वरीच्या घरी लहान सुनेले बाळ झालं. हे बाळंतलाडू तिले देऊन येजा. अन् तिथं दुसरं काही करू नोका."

शालिकराम लाडू द्यायलाच गेले होते, हे आधी स्पष्ट केलं पाहिजे. पण ते नेमके संध्याकाळी पाचला पोचले, आणि त्यांनी पहिल्यांदा तो नळ चालू असताना पाहिला. त्रेचाळीस घरांच्या गुंड्या, बादल्या, डबे, एकीच्या हातात दुसरीची वेणी, आणि निम्मं पाणी नालीत. रेल मिलच्या माणसाला इतकं काही दिसत नाही. त्याला एकच गोष्ट दिसली. इथं शिफ्ट नाही.

रात्रीचं जेवण विसरून त्यांनी तक्ता बनवला. ए शिफ्ट सकाळची, बी शिफ्ट संध्याकाळची. दर घराला तीन मिनिटं. आणि प्लांटमध्ये तान्ह्या पोराला माहीत असतो तो नियम, आठवड्यातून एक दिवस प्रत्येकाला वीकली ऑफ. रोज सहा घरं ऑफवर. त्रेचाळिसावं घर गणितात बसेना, म्हणून त्याला जनरल शिफ्ट दिली, नऊ ते पाच. म्हणजे राहिली छत्तीस. अठरा सकाळी, अठरा संध्याकाळी, तीन मिनिटांप्रमाणे चोपन्न मिनिटं, उरलेली सहा मिनिटं पाळी बदलायला. हिशेब असा बसला की शालिकरामांच्या डोळ्यांत पाणी आलं. ऑफच्या दिवशी माणसाला काम नको असतं पण पाणी हवं असतं, ही बारीक गोष्ट त्यांच्या लक्षात आली नाही. जनरल शिफ्टच्या वेळात नळ कोरडा असतो, हीसुद्धा.

तक्ता चार रंगांत सुपेल्याच्या दुकानातून लॅमिनेट होऊन आला आणि नळाशेजारच्या खांबावर लागला. शालिकराम शिट्टी घेऊन उभे राहिले. गंमत म्हणजे पहिल्या दिवशी सगळं बिनबोभाट पार पडलं. गळ्यात शिट्टी आणि हातात लॅमिनेशन असलेला माणूस सरकारीच असणार, असं बायकांना वाटलं. त्या त्यांना "साहेब" म्हणाल्या. दिवाकरराव खास पाहायला आले आणि म्हणाले, "वा! आता फक्त बॅनर." शालिकरामांनी मनातल्या मनात बेबीताईंना फील्ड वर्कमध्ये शंभरपैकी ब्याण्णव गुण दिले.

दुसऱ्या दिवशी रिलीव्हरचा नियम नडला. मिलमध्ये पाळी संपली तरी आपली जागा घेणारा माणूस येईपर्यंत हलता येत नाही. तापलेलं लोखंड वाट पाहत नसतं. हा नियम शालिकरामांच्या रक्तातच होता, त्यांनी तो नळाला लावला. फुलेश्वरीच्या भांड्यांत तीन मिनिटांत पाणी भरलं. तिच्यानंतरची बाई सुपेल्याच्या बाजारात गेली होती. फुलेश्वरी निघाली तशी शिट्टी वाजली. "रिलीव्हर आये बिना पोस्ट नहीं छोड़ना!" तिच्यामागच्या बाया पुढे आल्या तशी पुन्हा शिट्टी वाजली, कारण त्यांची पाळी अजून लागली नव्हती. अर्धा तास फुलेश्वरी भरल्या गुंडीजवळ पहारेकऱ्यासारखी उभी, मागे नऊ बाया रिकाम्या बादल्या घेऊन उभ्या, आणि नळ आपला नालीत वाहतोय. आपापसांत बोलणं बंद असलेल्या दोन बायकांनी त्या अर्ध्या तासात एकमेकींकडे पाहिलं. शालिकरामांना ते शिस्तीचं लक्षण वाटलं.

तिसऱ्या दिवशी पाणीच अर्धा तास उशिरा आलं. शिट्ट्या मात्र वेळेवर झाल्या. पहिल्या दहा घरांच्या बायका कोरड्या नळासमोर प्रत्येकी तीन मिनिटं नियमानं उभ्या राहून रिकाम्या हातांनी परतल्या. शालिकराम तावातावानं टाकीपाशी गेले. तिथं व्हॉल्व्ह उघडणारा बाबुलाल चहा पीत होता.

"छह बजे खोलना चाहिए न?"

"खोलता हूँ न साहब, चाय के बाद." बाबुलाल शांतपणे म्हणाला. "मेरे पास घड़ी नहीं है। लोग मेरा पानी देख के घड़ी मिलाते हैं।"

छत्तीस वर्षं सायरनवर उठलेल्या माणसानं नकळत आपलं घड्याळ पाहिलं. बाबुलालनं त्यांना चहा दिला. त्यांनी तो घेतला, पण अपमान समजून घेतला.

चौथा दिवस उजाडला तो फुलेश्वरीच्या घरी छट्ठीचा. नातवाची छट्ठी, जन्मानंतरच्या सहाव्या दिवसाचा सोहळा, म्हणजे साठ-सत्तर माणसं जेवायला, बाळाला अंघोळ, बाळंतिणीला अंघोळ, घर सारवणं. आणि तक्त्यावर फुलेश्वरीच्या घरासमोर लाल अक्षरांत त्या दिवशीचा वीकली ऑफ. ती गुंडी घेऊन आली तेव्हा शालिकरामांनी तक्त्यावर बोट ठेवलं. खरं तर त्यांचंही मन चुकचुकलं. पण एकीला सोडलं तर शिस्त गेली.

"आज आपका ऑफ है," ते म्हणाले. "आदमी को ऑफ पे बुलाना हो तो पहले से मंजूरी लगती है."

"काखर मंजूरी?" फुलेश्वरीनं विचारलं. कुणाची?

हा प्रश्न बिनतोड होता. मंजुरी कोण देणार हे शालिकरामांनी अजून ठरवलंच नव्हतं. ते विचार करू लागले. ते विचार करत असताना एका बाईनं आपली भरलेली बादली उचलली आणि सरळ फुलेश्वरीच्या अंगणात नेऊन ओतली. मग दुसरीनं. जिची वेणी ओढली गेली होती तिनं, आणि जिनं ओढली होती तिनंही. शिट्टी दोनदा वाजली, तिसऱ्यांदा वाजली नाही. एका म्हातारीनं खांबावरचा तक्ता काढला, काखेत मारला आणि तीही छट्ठीला गेली. त्रेचाळीस घरांच्या बाया एका अंगणात बसल्या. शालिकराम नळाशी एकटेच उरले. त्यांच्यासाठी कुणीतरी द्रोणात प्रसाद पाठवला, हे सगळ्यात जास्त बोचलं.

संध्याकाळी बेबीताई शिबिरातून आल्या तेव्हा फाटकापाशी चाळीसेक बाया उभ्या होत्या आणि शालिकराम पडद्याआड. बेबीताईंनी पिशवी खाली ठेवली. फुलेश्वरीनं वहीचा कागद पुढे केला. तिच्या थोरल्या सुनेनं लिहिलेला, वर बेबीताईंचं नाव, खाली सह्या आणि अंगठे. "निवेदन है कि कापगते बबा को हमारे नल से तत्काल हटाया जाए."

शालिकरामांनी पडद्याआड डोळे मिटले. आता बायको काय काय बोलेल ते त्यांनी मनाशी सगळं ऐकून घेतलं, आणि त्यातला एकही शब्द खोटा नव्हता.

बेबीताईंनी कागद दोनदा वाचला. "ये किसने लिखने को कहा?"

"कोनो नइ कहिस. हमन खुद लिखेन." कुणी नाही, आम्हीच लिहिलं.

बेबीताई फाटकाजवळच्या पायरीवर बसल्या. त्या बसल्या म्हणून बायाही बसल्या. दिवसभराच्या प्रवासानं त्यांचा चेहरा धुळीनं माखला होता, पण डोळे असे लखलखले की शालिकरामांनी पडदा चार बोटं सरकवला. "ठीक है," त्या म्हणाल्या. "बबा आज से हट गए. अब पानी कितना बढ़ेगा?"

बायांनी बोटांवर हिशेब केला. मग फुलेश्वरी म्हणाली, "नइ बढ़य."

"काहे?"

"नल तो एके ठन हे." नळ तर एकच आहे.

"और ये अर्जी मेरे नाम पे है. नल मेरा है क्या?"

बायांत कुजबूज झाली. नळ दीदीचा नाही. मग कुणाचा? कचेरीचा. मग अर्ज कुणाला? थोरल्या सुनेनं पेन काढलं. "दीदी, तैं बोल, मैं लिखत हंव."

बेबीताईंनी दोन्ही हात पदराखाली घेतले. "मैं नहीं बोलूँगी. तुम लोग बोलो."

शालिकराम पाहत राहिले. एका तासात बेबीताईंनी सहा-सात प्रश्न विचारले असतील, बाकी काही नाही. बायका भांडल्या, खोडलं, पुन्हा लिहिलं. मिलमध्ये एक उस्ताद कारागीर होता, तो मशीनजवळ नुसता उभा राहायचा आणि मशीन नीट चालायची. नवी पोरं म्हणायची, हा फुकटचा पगार खातो. शालिकरामांनाच ठाऊक होतं की तो नसला की काय होतं. दोन महिने जिला ते "नुसती बसून राहिली" म्हणत होते, ती काय करत होती ते त्यांना आता दिसलं. या बायांना बेबीताईंसमोर बसायची, बोलायची, चुकायची सवय झाली होती. नाहीतर हा कागद घेऊन त्या या फाटकाशी आल्याच नसत्या. आल्या असत्या तर दगड घेऊन. शालिकरामांना आपल्या बायकोचा विलक्षण अभिमान वाटला, आणि तो पडद्याआडून वाटून घ्यावा लागला याची लाजही.

शेवटी ते बाहेर आले. ते खाली पाहत म्हणाले, "कचेरी में एक रजिस्टर है. उसमें 'जन मांग' के खाने में तुम्हारा निरंक लिखा है. तीन कॉपी ले जाना, एक पे ठप्पा मार के वापस लेना. मेरा अर्जी लिया नहीं. तुम्हारा लेना पड़ेगा."

दुसऱ्या दिवशी एक्केचाळीस बाया कचेरीत गेल्या. अर्जात दुसऱ्या नळाची मागणी होती, पाणी ठरल्या वेळेला सोडण्याची होती, आणि पहिल्या परिच्छेदात असं होतं की पाण्याची टंचाई इतकी आहे की एका रिटायर सियानाला, म्हणजे म्हाताऱ्या माणसाला, वेळापत्रक लावावं लागलं, ज्यामुळे वस्तीला फार त्रास झाला. पुरावा म्हणून चार रंगांतला तक्ता जोडला होता. शालिकरामांनी तो परिच्छेद गाळायची विनंती करून पाहिली. बायांनी मतदान घेतलं. विनंती फेटाळली गेली. बाबूनं तो तक्ता म्हणे कितीतरी वेळ उलटसुलट करून पाहिला, मग 'निरंक' खोडून अर्जाचा नंबर टाकला. आठ दिवसांत कचेरीची माणसं आली आणि नाल्याकडच्या कोपऱ्यावर दुसऱ्या नळासाठी चुन्यानं खूण करून गेली. खुणेतून पाणी येत नाही हे खरं, पण वस्तीतली माणसं ती पाहायला रोज जाऊ लागली.

मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात कीर्ती मॅडम आल्या. फुलेश्वरीच्या अंगणात सतरंजी अंथरली होती. शालिकराम इस्त्रीचा शर्ट घालून मागे बसले. मॅडमनी बेबीताईंना लांब बसवलं आणि बायांना विचारलं, "ये सब काम किसने किया?"

"हमन करेन," फुलेश्वरी म्हणाली.

"आपको किसने बताया कि अर्जी देनी है?"

"कोनो नइ बताइस. हमन खुद." सगळ्यांनी माना हलवल्या. कचेरीत कोण गेलं? आम्ही. सह्या कुणी गोळा केल्या? आम्ही. त्रेचाळीस घरांतल्या एकाही तोंडातून बेबीताईंचं नाव निघेना.

शालिकरामांची कानशिलं तापली. काय ही माणसं! जिनं यांचा लसूण सोलला, यांची लेकरं खेळवली, उन्हातून नाला ओलांडून आली, तिचं साधं नाव घ्यायला यांची जीभ झडते? मॅडम कागदावर काहीतरी लिहीत होत्या. म्हणजे गेलं, वर्ष गेलं. ते ताडकन उभे राहिले. "मॅडम, एक मिनिट! हिनं..."

सगळ्यांनी वळून पाहिलं. बेबीताईंनीही. नुसतं पाहिलं. त्या नजरेत राग नव्हता, भीती होती. छत्तीस वर्षांत बायकोच्या डोळ्यांत अशी भीती त्यांनी पाहिली नव्हती, आणि त्याच क्षणी मॅडमचा चहाच्या वेळचा नियम त्यांच्या डोक्यात लख्ख उजळला. मागणी त्यांची, अर्ज त्यांचा. नाव न घेणं हेच तर बेबीताईंचं सगळं काम होतं. आपण आता 'हिनं' च्या पुढे एक शब्द जरी बरोबर बोललो, तर शून्य.

पण वाक्य सुरू झालं होतं. अख्खं अंगण आणि मॅडमचं पेन त्याच्या उरलेल्या भागाची वाट पाहत होतं.

"हिनं मले मना केलं होतं," शालिकराम म्हणाले. "तरी मी इथं तक्ता लावला. बायाहिले ऑफ दिला, पाणी बंद केलं, छट्ठीच्या दिवशी शिट्टी वाजवली. त्याहिच्या अर्जात जो सियान हाय, तो मीच."

फुलेश्वरी पदर तोंडावर घेऊन हसली आणि मग सगळं अंगण हसलं. कीर्ती मॅडमनी हसू दाबत फॉर्मचं पान उलटलं. त्यावर एक रकाना होता, समुदायासमोर आलेल्या अडचणी. तो अजून कोराच होता.

"काका, तुमचं नाव लिहिलं तर चालेल?"

शालिकरामांनी बेबीताईंकडे पाहिलं. त्यांच्या डोळ्यांतली भीती गेली होती आणि तिथं दुसरंच काहीतरी होतं, ज्यासाठी ते आणखी चार तक्ते लावायला तयार होते. त्यांनी शर्ट खाली ओढून नीट केला.

"लिवा मॅडम," ते म्हणाले. "शालिकराम डोमाजी कापगते, चार्जमन, रेल मिल, रिटायर. अन् जितक्या अडचणी असतील, तितक्या मायाच नावानं लिवा. जागा कमी पडली तं पानाच्या मागून लिवा."